रोजकीर्द

माझा आजा जोमा मोकल, विटाव्याचा.
मिठागरातून थेट वकिलाच्या कचेरीत गेला
आणि सव्वीस वर्षं दुसऱ्याचा हिशोब लिहीत बसला.
लाल कापडी वही. पानाच्या माथ्यावर श्री,
आणि शेजारी, मालकाच्या देवासाठी,
बोटभर कोरी जागा.

१९११, मार्च.
सतरा आगरी. रात्री मीठ उचलल्याचा आरोप.
वकील एलोजी हसाजी वाकरूळकर, टेंभी नाका.
फी: पायलीभर मीठ. जमा.

सतराही सुटले. त्यांत आज्याचा बाप होता.
म्हणे साहेबांनी मीठखात्याच्या शिपायाला एवढंच विचारलं,
अमावस्येच्या काळोखात तू मीठ ओळखलंस की माणसं?
मग बापाला म्हणाले, पोराला अक्षर येतं?
उद्या पाठव. उद्या नको, उद्या शनिवार. परवा.

पेणच्या बाजूला त्यांच्या आजोबांचा घाणा होता.
शनिवारी बैल सुटे, म्हणून गाव म्हणे शनवारतेली.
नातू काळा कोट घालून नगरपालिकेत गेला
आणि पहिल्याच वर्षी रस्त्याच्या कंदिलात बोट बुडवून,
वास घेऊन, भेसळीचा ठेकेदार धरला.
आम्हाला तेलाचं सांगू नकोस, म्हणाला.
ठेकेदार पाकीट घेऊन घरी आला.
मिलकाबाईंनी त्याला पाटावर बसवलं,
पुढ्यात पोहे, खोबरं, साखर, खजूर.
आमच्या घरी मलिदा एवढाच, नबीच्या नावाचा.
खा आणि जा.
(ही नोंद वहीत नाही. ही आजीने सांगितली, पदर तोंडाला लावून.)

१९२३. कौन्सिलची निवडणूक.
टांगे अकरा. पत्रकं दोन हजार. विड्या, चहा.
मतदान नेमकं शनिवारी आलं.
साहेब टांग्यात बसले नाहीत,
स्वतःचं मतसुद्धा द्यायला गेले नाहीत.
नऊ मतांनी पडले.
मिलकाबाई म्हणाल्या, गेला असतात तर आठ.

पुढे खानसाहेब झाले. सरकारी वकील झाले.
हे शब्द आज्याने जाड टाकाने लिहिलेत,
अभिमानाने की कशाने, शाई सांगत नाही.

१९३०, मे.
पिंजऱ्यात चौदा जण. सहावा पोशा मोकल,
आज्याच्या पाठचा.
खाडी तीच, मीठ तेच.
साहेब टेबलाच्या दुसऱ्या बाजूला.
अमावस्येचा प्रश्न कुणी विचारला नाही, विचारणार कसा,
त्यांनी भर उन्हात उचललं होतं, ओरडून सांगून.
तीन महिने, सक्तमजुरी.

त्या दिवसाच्या पानावर
गाडीभाडं चार आणे, टीपकागद एक आणा,
आणि खाली: मीठ, एक पायली. नावे.
कोणाच्या नावे, ते नाही.

मी कळव्याच्या पतपेढीत कर्जाच्या फायली बघते,
कोण कशाला जामीन राहतो ते रोज वाचते.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
दोन घरचं खाल्लेल्याने
कुठल्या कुशीवर झोपावं, ते कुणी म्हणत नाही.

ऑगस्टात पोशा सुटला. त्याच आठवड्यात
टेंभी नाक्याच्या त्या उंबऱ्यावर
पायलीभर मीठ ओतून आला. बोलला नाही.
मिलकाबाईंनी सुपात भरून आत नेलं.
त्यांच्यात मांस तासभर मिठात ठेवतात,
रक्त उतरावं म्हणून.
तो तासभर साहेब चुलीच्या खोलीच्या दारात उभे होते,
कोट न काढता.

राजीनामा दिला नाही. अजून सात वर्षं काम केलं,
चांगलं केलं, असंही लोक सांगतात.
गेले तेव्हा कोर्ट अर्धा दिवस बंद होतं.
मातीला पोशा गेला.
आजा कचेरीत वही मिळवत बसला
आणि ती मिळाली नाही.

आता ती माझ्या कपाटात आहे, प्लॅस्टिकमध्ये.
दमट दिवसांत पुठ्ठ्यावर पांढरं काहीतरी येतं.
बुरशी असेल.
मी चाखून पाहिलेलं नाही.